सात जणींच्या जर्स्या

आमच्या कॉलेजच्या क्रॉसकंट्री टीममध्ये एक नियम होता, आणि तो ज्या बयेने काढला तिच्या दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळे येवोत. नियम असा: शर्यतीत आपल्या सात जणींपैकी जी शेवटी येईल, तिने सातही जणींच्या जर्स्या धुवायच्या. आणि जर्स्या कसल्या, तर पांढऱ्या! शेतांतून, ओढ्यांतून, चिखलातून सहा किलोमीटर पळायचं आणि अंगात घालायचं पांढरं. ज्याने तो रंग निवडला त्याने जन्मात बादली उचललेली नसणार.

आणि धुतल्या कुणी? मी. पहिल्या शर्यतीला मी, दुसरीला मी, तिसरीलाही मीच. जिची आई अठरा वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत लोकांच्या चादरी धुतेय, ती मी.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे मला कुणी सांगायला नको. टीमने पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'तडतडी' ठेवलं. ठेवेनात का. शाळेत मी मैदानावर पंधराशे मीटर पळायचे आणि कधी कुणाची पाठ पाहिली नव्हती. त्याच जोरावर या कॉलेजात घेतलं मला. टीममध्ये असेपर्यंत होस्टेलची खोली मिळणार, असं ठरलं होतं. घरून यायचं म्हटलं तर दोन बस बदलून अडीच तास जायला आणि अडीच तास यायला. म्हणजे टीम गेली की खोली गेली आणि खोली गेली की कॉलेजही गेल्यातच जमा. एवढं सगळं माझ्या दोन पायांवर उभं होतं, आणि ते पाय तीन महिने माझं ऐकायला तयार नव्हते.

पहिल्या शर्यतीच्या आधी सरांनी मला बाजूला घेतलं. सर म्हणजे आमचे कोच. गळ्यातली शिट्टी जेवतानाही काढत नाहीत. म्हणाले, "पहिला किलोमीटर हळू. कितीही राग आला तरी हळू. तुझा राग शेवटच्या किलोमीटरला काढ, तिथे कामाला येईल."

"हो सर," म्हणाले आणि पिस्तूल वाजताच सुटले ती सुसाट. एकशे अठरा मुली होत्या. पहिल्या किलोमीटरला त्या सगळ्या माझ्या मागे होत्या, आणि मला वाटलं, बघा लेको! मग चढ लागला. नंतर ओलं शेत, मग पुन्हा चढ. मैदानावर पाय टाकला की जमीन परत ढकलते. इथे ती पाय धरून ठेवते. तिसऱ्या किलोमीटरला माझी छाती फुटायला आली आणि मुली माझ्या दोन्ही बाजूंनी जायला लागल्या. एकीने तर जाताजाता "सॉरी हं" म्हटलं. तिला मारायचीच बाकी ठेवली मी.

शेवटच्या रेषेपुढे दोन दोऱ्यांची निमुळती वाट केलेली असते. त्यात ज्या क्रमाने आलात त्याच क्रमाने चालायचं. टोकाला एक माणूस आकडा छापलेलं कार्ड हातात देतो. तोच तुमचा नंबर. टीमच्या पहिल्या पाच जणींच्या कार्डांची बेरीज होते, आणि जिची बेरीज कमी ती टीम जिंकते. सहावी-सातवी म्हणजे असल्या काय नि नसल्या काय. माझ्या कार्डावर एकशे चार होतं. आमची सहावी एकसष्टावी आली होती.

"उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग," सर एवढंच म्हणाले. सगळ्या फिदीफिदी हसल्या.

बसमध्ये चढताना कप्तानने माझ्या खांद्याला एक निळी पिशवी अडकवली. आमची कप्तान तिसऱ्या वर्षाची, खांबासारखी उंच, आणि बोलताना शब्दाला पैसे पडतात अशी बोलणारी. "सात आहेत. मोजून घे," म्हणाली.

"मी का?"

"नियम. पहिल्या वर्षी मी सहा वेळा धुतल्यात."

माझा काडीचाही विश्वास बसला नाही. जी दर शर्यतीत पहिल्या दहात येते ती म्हणे सहा वेळा शेवटी आली होती! थापा मारायला काय जातंय.

होस्टेलच्या बाथरूममध्ये मी गिझर पूर्ण सोडला, हात भाजेल असं पाणी बादलीत घेतलं, सातही ओल्या चिखलमाखल्या जर्स्या त्यात कोंबल्या आणि ब्रश घेऊन खसाखसा घासल्या. एकेक जर्सी म्हणजे टीममधली एकेक मुलगी, असं समजून घासल्या. सकाळी बघते तर काय, सातही चहात बुडवून काढल्यासारख्या! जितका घासला तितका चिखल आत गेला होता.

माझ्या खोलीतली मुलगी, आमच्याच टीममधली, तिला सगळ्या 'हसरी' म्हणतात. ती पलंगावर पोट धरून लोळली. "अगं, लाँड्रीवालीची पोर ना तू? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!"

तिच्या मनात काही वाईट नव्हतं, तिला भिंतीवरची पाल बघूनही हसू येतं. तरी मी तिच्या अंगावर उशी फेकली, आणि ती लागली नाही म्हणून दुसरीही फेकली. कारण ती म्हणत होती ते खरं होतं. आईने मला घरात कधी रुमालसुद्धा धुऊ दिला नव्हता. मी नळाजवळ गेले की म्हणायची, "हो बाजूला. तू पळायला जा, नाहीतर पुस्तक घे." चिखल कसा काढतात हे मला कुठून माहीत असणार?

दुसऱ्या शर्यतीला आमची टीम चहाच्या रंगात उतरली. शेजारच्या कॉलेजच्या मुली एकमेकींना कोपर मारून दाखवत होत्या. माझ्या टीममधली एकही मला काही बोलली नाही, तेच जास्त झोंबलं. त्या दिवशी मी पहिला किलोमीटर दात आवळून हळू पळाले. जमत होतं! पन्नाशीत होते मी, श्वास ठिकाणावर होता. मग ओढा आला, माझा डावा पाय गाळात घोट्यापर्यंत गेला, आणि वर आला तो बुटाशिवाय. मी परत वळले. गाळात दोन्ही हात घालून चाचपत बसले. डोक्यावरून मुली उड्या मारून चालल्या होत्या आणि माझ्या तोंडावर चिखल उडत होता. बूट काही सापडला नाही. उरलेले तीन किलोमीटर एका बुटावर पळाले, तळव्यात खडे घुसवत. कार्ड मिळालं एकशे नऊ.

कप्तानने माझ्या पायाकडे बघितलं. "चिकटपट्टी लावली नव्हतीस? बुटावरून?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की सकाळी सगळ्या जणी बुटांना घोट्याभोवती चिकटपट्टी का गुंडाळत होत्या. मला वाटलं होतं नखरे चाललेत.

"मला सांगायला तोंड नव्हतं तुझ्याकडे?"

"तू विचारलंस का?" ती म्हणाली आणि निळी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

रविवारी मी ती पिशवी घेऊन आईच्या लाँड्रीत गेले. दुसरा इलाज नव्हता. हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला तळघरात आहे ती. आत शिरलं की वाफ आधी चष्म्यावर बसते, ज्यांना चष्मा नाही त्यांच्या घशात. एका भिंतीला चार मोठे ड्रम घरघरत असतात, समोर इस्त्रीचा लांब रूळ, मध्ये घड्या घालायचं टेबल. आई रबरी गमबूट घालून ड्रममधून ओल्या चादरी ओढून काढत होती. मला बघून आधी हसली. मग पिशवी उघडून बघितली आणि तिचं हसू गेलं.

"या कुणाच्या?"

"टीमच्या."

"सात? तुझी एक. बाकीच्या सहा इथे कशाला?"

मी सांगितलं. शेवटी येते तिला धुवाव्या लागतात, हेही सांगितलं आणि दोनदा मीच आले, हेही. सांगताना मी खाली बघत होते. वर बघितलं, तर तिचा चेहरा लालबुंद. माझा राग कुणावर गेलाय, हे मला त्या दिवशी समजलं.

"अठरा वर्षं!" ती ओरडली. ड्रमच्या आवाजावर ओरडली, टेबलाजवळच्या दोघी वळून बघायला लागल्या. "अठरा वर्षं मी लोकांचं रक्त, लोकांचं ओकलेलं, लोकांचं काय नि काय धुतेय. कशासाठी? माझ्या पोरीने दुसऱ्यांचं धुऊ नये म्हणून! आणि तू कॉलेजात जाऊन हे धंदे करतेस? लाज नाही वाटत?"

"मला हौस आहे का?" मीही ओरडले. "शेवटी येते मी! काय करू?"

"मग नको येऊस शेवटी!"

जसं काही मला ते सुचलंच नव्हतं. मी पिशवी उचलून निघाले, तर तिने ती माझ्या हातातून हिसकावली. एक जर्सी उजेडात धरली, नखाने डाग खरवडला. "गरम पाण्यात टाकलास ना? ओला असताना चोळलास ना? वाटलंच." मग म्हणाली, "हे तुला कधी शिकवायचं नव्हतं मला."

आणि शिकवलं. ओल्या चिखलाला हात लावायचा नाही, पूर्ण वाळू द्यायचा. वाळला की झटकायचा, कोरड्या ब्रशने पाडायचा. मग थंड पाणी. गरम कधीच नाही. माझे पक्के झालेले डाग काढायला तिने कसलीतरी पावडर वापरली आणि दोन तास खपली. यातून काही बोध घ्यायचा असेल तर तुम्ही खुशाल घ्या. मला तेव्हा फक्त तिची फुगलेली बोटं दिसत होती आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

तिसरी शर्यत. काय सांगू तिचं! बुटांना चिकटपट्टी लावली, इतकी की पाय सुन्न झाले. पहिला किलोमीटर हळू पळाले, दुसरा बेताने. चौथ्याला बरगड्यांखाली अशी कळ आली की मी वाकले, आणि वाकले ती सरळच होईना. चालायला लागले. सगळ्या गेल्या. अगदी ज्या हौस म्हणून पळतात त्याही गेल्या. शेवटी वळणावर झेंडा घेऊन उभे असलेले एक काका आपली छोटी गाडी घेऊन आले. "बस, पोरी. नेऊन सोडतो. एवढं काही नाही त्यात."

"मी नाही बसणार."

"अगं, सगळ्या पोचल्या असतील आता."

"पोचू देत!"

ते बिचारे माझ्या मागून गाडी घेऊन चालण्याच्या वेगाने येत राहिले आणि मी पुढे पोटाला धरून. शेवटच्या रेषेवर पोचले तेव्हा दोऱ्या गुंडाळून झाल्या होत्या. कार्डवाला माणूस टेबलाचे पाय दुमडत होता.

"माझं कार्ड द्या," मी म्हटलं.

"अगं, आता कशाला? निकाल लागला."

"कार्ड द्या म्हटलं ना! पळत आले नसेन, पण आले की नाही? तुमच्यासमोर उभी आहे की नाही मी?"

त्याने खोका उघडला आणि एकशे अठरा नंबरचं कार्ड काढून दिलं. मी ते मुठीत इतकं दाबलं की त्याची सुरळी झाली.

सर थोड्या अंतरावर उभे होते. मला वाटलं बाशिंगाची आणखी एखादी म्हण ऐकवतील. ते म्हणाले, "पुढच्या शनिवारी शेवटची. आपल्या पहिल्या पाचांत आलीस तर टीममध्ये राहशील. नाही आलीस तर तुझ्या जागी दुसरी घेईन. एक मुलगी केव्हाची वाट बघतेय."

"आजच काढा की मग!" माझा तोल गेला. "एकशे अठरावी आले मी! आणखी कशाची वाट बघताय?"

"काढणारच होतो. पण तू कार्ड मागितलंस," ते म्हणाले आणि शिट्टी वाजवून मुलींना बसकडे बोलावलं.

रविवारी पुन्हा तीच पिशवी, तेच तळघर. या वेळी आई ओरडली नाही. दोघींनी समोरासमोर बसून वाळलेला चिखल ब्रशने पाडला. सरांचं बोलणं मी तिला सांगितलं. ती "हं" म्हणाली. तेवढ्यात मुकादमबाई आल्या. लाँड्री त्यांच्या हाताखाली चालते, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. मी ब्रश चालवत होते ते उभ्या राहून बघितलं.

"ही तुझी मुलगी का? हात चांगला आहे हिचा," त्या आईला म्हणाल्या. "घड्यांच्या टेबलावर जागा रिकामी होतेय. पक्की नोकरी आहे. बाहेरची माणसं रांग लावून उभी आहेत, पण मी आधी तुला विचारते. शुक्रवारपर्यंत सांग."

मी आईकडे बघितलं. आता उसळेल, मला वाटलं. मागच्या वेळी सहा जर्स्यांवरून आकाशपाताळ एक केलं होतं ना?

आईने मान खाली घातली आणि म्हणाली, "सांगते."

सांगते! नाही म्हणून मोकळी झाली नाही, सांगते म्हणाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हीही धरूनच चाललीय की माझ्याने होणार नाही. कार्डवाल्याने टेबल दुमडलं तसं हिनेही आवरायला घेतलं. मी हातातला ब्रश टाकला, जर्स्या पिशवीत भरल्या आणि "येते" सुद्धा न म्हणता निघाले. आठवडाभर तिला फोन केला नाही. तिनेही केला नाही. सोमवार ते शुक्रवार मी पहाटे उठून चढावर पळाले आणि प्रत्येक पावलाला मनात एकच शब्द होता: सांगते, सांगते, सांगते.

शनिवारी सकाळी मी बुटांना चिकटपट्टी लावत होते. हसरीने येऊन माझ्या डाव्या बुटावरच्या पट्टीचं टोक नीट दाबून दिलं. मी "थँक्यू" म्हणाले नाही. मला कुणाशी गोड बोलायचं नव्हतं.

पिस्तूल वाजलं. मी मागे राहिले. मुद्दाम, ओठ चावून. पहिल्या किलोमीटरला नव्वदावी वगैरे असेन. पुढच्या मुलींच्या पाठी दिसत होत्या आणि मी त्यांना शिव्या घालत होते, पण मनात, श्वास खर्च न करता. दुसऱ्या किलोमीटरला एकेक मागे पडायला लागली. तिसऱ्याला ओढा आला. बूट पायात राहिला. त्या ओढ्याला मी काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

चौथ्या किलोमीटरला, चराच्या पलीकडे, कप्तान खाली बसलेली दिसली. आमची कप्तान! चरावरून उडी मारताना पाय मुरगळला होता. घोटा दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि चेहरा पांढराफटक. माझा वेग आपोआप कमी झाला.

"थांबलीस तर बघ!" ती खेकसली. "पळ! आपल्या पाच पुढे आहेत, तू सहावी. पळ ना गं, माझं तोंड काय बघतेस!"

मी पळाले, आणि पळतापळता हिशेब केला. पाच पुढे. एकीला मागे टाकलं की मी पाचवी, माझी जागा राहिली. पण मग लोक काय म्हणणार? कप्तान पडली म्हणून हिचं नशीब फळफळलं. आयत्या बिळावर नागोबा! सगळ्या म्हणणार, आणि सर म्हणणार नाहीत पण त्यांच्या मनात येणार. नको मला कुणाच्या मोडलेल्या पायावरची जागा. मला चौथी यायचं होतं. चौथी आले, तर कप्तान उभी असती तरी मी पाचांत होते. दोघींना मागे टाकायचं होतं.

पाचव्या किलोमीटरच्या चढावर आमच्या टीममधली चष्मेवाली दिसली. ती चढाला नेहमी मंदावते. तिला गाठलं. पुढे, शेवटच्या माळावर, हसरीची पाठ. तिच्यात आणि माझ्यात शंभर पावलं तरी असतील, आणि बरगड्यांखाली पुन्हा ती कळ सुरू झाली. त्याच जागी, तशीच. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. सर म्हणाले होते राग शेवटी काढ. तर घ्या! सरांवरचा काढला, कार्डवाल्यावरचा काढला, पांढऱ्या रंगावरचा काढला. आणि सगळ्यात जास्त, 'सांगते' म्हणणारीवरचा. कळ होती तिथेच होती, पण मी वाकले नाही.

हसरीला पावलं ऐकू आली. तिने वळून बघितलं, मी आहे हे बघितलं, आणि जोर लावला. ती हसत नव्हती. शेवटचे दोनशे मीटर आम्ही खांद्याला खांदा लावून पळालो, रात्री एका खोलीत झोपणाऱ्या आम्ही दोघी, आणि त्या वेळी मी तिला ओढ्यात ढकललं असतं. दोऱ्यांच्या तोंडाशी मी एक पाऊल पुढे होते. कार्डवाल्याने माझ्याकडे निरखून बघितलं. त्याला ओळख पटली असावी, काही न बोलता कार्ड हातात दिलं. एक्केचाळीस. हसरीला बेचाळीस.

सर वहीत लिहीत होते. "चौथी," ते म्हणाले.

"कप्तान असती तर पाचवी," मी लगेच म्हटलं. दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत.

"मला मोजता येतं," सर म्हणाले.

कप्तान बऱ्याच वेळाने आली. लंगडत, कुणाचा हात न धरता, सत्त्याण्णव नंबरचं कार्ड घेऊन. आमची टीम सपशेल हरली होती. बसमध्ये तिने स्वतःच निळी पिशवी घेतली आणि एकेकीपुढे धरली. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? तिचा घोटा भोपळ्याएवढा सुजला होता आणि तरी मला आनंद झाला. पिशवी माझ्यापुढे आली.

"माझी मी धुते," मी म्हटलं.

"नियम आहे."

"नियम गेला खड्ड्यात. माझी देणार नाही." मग राहवलं नाही. "आणि गरम पाण्यात टाकू नकोस. आधी वाळू दे."

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी तिला चालायला शिकवत होते. "माहितेय. सहा वेळा धुतल्यात, सांगितलं होतं ना?" पिशवी बंद करून ती पुढच्या सीटकडे लंगडत गेली. या खेपेला माझा विश्वास बसला.

रविवारी मी लाँड्रीत गेले ते भांडायलाच. वाटेत सगळी वाक्यं तयार केली होती. जागा राहिली माझी, जा सांग तुझ्या मुकादमबाईला, वगैरे. आत शिरले आणि पहिलं काय दिसलं, तर कोपऱ्यात थंड पाण्याने काठोकाठ भरलेला टब. शेजारी कोरडा ब्रश. दोन पाट, समोरासमोर मांडलेले.

तयार केलेली सगळी वाक्यं विसरले. "म्हणजे तुला वाटलंच होतं! मी शेवटी येणार असं धरूनच बसली होतीस!"

"हो," आई म्हणाली. चादर झटकत, अगदी सरळ. "तीनदा आलीस. मी काय ज्योतिषी आहे? आलीसच तर एकटीला धुवायला लागू नयेत म्हणून भरून ठेवलं."

"नाही आले! चौथी आले! माझी जागा राहिली, कळलं? आता जा आणि त्या बाईंना सांग, घड्यांच्या टेबलाला दुसरी बघा म्हणावं!"

"सांगून झालं."

"कधी?"

"शुक्रवारी."

मी तिच्याकडे बघत राहिले. "शर्यत शनिवारी होती."

"कधी होती ते माहितेय मला."

"अगं, पण मी हरले असते तर? खोली गेली असती, कॉलेज..."

"तर बसने गेली असतीस. अडीच तास तर अडीच तास. पहाटे उठून डबा करून दिला असता." तिने चादर टेबलावर आपटली. "शंभर वेळा शेवटी आली असतीस तरी इथे घेतलं नसतं तुला. इथे तुझी जागा नाही. मुकादमबाई शुक्रवारपासून बोलत नाहीयेत माझ्याशी, न बोलू देत."

"मग त्या दिवशी 'सांगते' कशाला म्हणालीस? तोंडावर नाही म्हणायचं ना! आठवडाभर जळत होते मी!"

"अठरा वर्षं त्या बाईच्या हाताखाली आहे मी. सगळ्यांदेखत तोंडावर कसं नाही म्हणू? नीट एकटीला गाठून सांगितलं. आणि तू फोन केलास? विचारलंस मला?"

मला रडू फुटलं. रागाचं होतं ते, पण कुणावरचा राग ते काही केल्या सापडेना. मी बाहीने नाक पुसलं, माझ्या पिशवीतून जर्सी काढली. ती एकच बघून आईने विचारलं, "बाकीच्या?"

"कप्तानकडे. ही माझी."

मी पाटावर बसले. आईने सवयीने हात पुढे केला, जर्सी घ्यायला. मग हात मागे घेतला.

"वाळलीय का?"

"हो."

"झटकली?"

"झटकली गं!"

"मग टाक पाण्यात. तुझी तू धू."

ती समोरच्या पाटावर बसली नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली. भरलेल्या टबाजवळ काही न करता उभी असलेली आई मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. मी घासत होते आणि ती बघत होती. मध्येच म्हणाली, "काखेत नीट घास, तिथे राहतो चिखल."